दार उघडल्यानंतर

भारतीय महिला खेळाडूंच्या इतिहासातली तीन वर्षं शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. १९८४ साली लॉस एंजेलिसमध्ये पी. टी. उषाचं ४०० मीटर अडथळा शर्यतीतलं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं. २००० साली सिडनीत कर्नम मल्लेश्वरीने ६९ किलो गटात एकूण २४० किलो वजन उचललं आणि ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. २०१२ साली लंडनमध्ये मेरी कोमने मुष्टियुद्धात कांस्य जिंकलं. हे सगळं आपल्याला पाठ आहे. पण या तिघींना जोडणारा धागा सहसा कोणी दाखवत नाही. स्त्रियांची ४०० मीटर अडथळा शर्यत ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा झाली ती १९८४ सालीच. स्त्रियांचं भारोत्तोलन पहिल्यांदा आलं ते २००० साली आणि मुष्टियुद्ध २०१२ साली. पुरुषांसाठी हेच प्रकार अनुक्रमे १९००, १८९६ आणि १९०४ पासून होते. म्हणजे दार उघडायला ८४, १०४ आणि १०८ वर्षं लागली, आणि ज्या स्पर्धेत ते उघडलं त्याच स्पर्धेत भारतीय बाई पदकापर्यंत किंवा पदकाच्या एका श्वासापर्यंत पोहोचली. मेरी कोमसाठी तर ते अर्धवटच उघडलं होतं. लंडनला पुरुषांचे दहा वजनी गट होते आणि स्त्रियांचे फक्त तीन. ४६ आणि ४८ किलोत जगज्जेतेपदं मिळवलेल्या या जुळ्यांच्या आईला ५१ किलोच्या गटात, स्वतःपेक्षा दणकट मुलींसमोर उभं राहावं लागलं. त्याआधीच्या शंभर वर्षांत या देशात असं काही करू शकणारी एकही स्त्री जन्मली नव्हती, असं कोण मानेल?

खेळामुळे स्त्रीचं सबलीकरण होतं, हे वाक्य आता भाषणांत इतकं गुळगुळीत झालं आहे की त्याचा अर्थ तपासावासा कोणाला वाटत नाही. तो तपासायला हवा. ‘बाईच्या जातीला हे झेपायचं नाही’ ही समजूत पुराव्यावर उभी नसते. पुरावा तयार होण्याची जागाच बंद ठेवली जाते आणि त्या बंद दारावर ती टिकून राहते. खेळाचं सामर्थ्य असं, की दार एकदा उघडलं की जे घडतं ते घड्याळात, फीतपट्टीवर, वजनकाट्यावर, हजारो लोकांसमोर नोंदलं जातं आणि ती नोंद कुणाला पुसता येत नाही. मात्र दार म्हणजे केवळ स्पर्धेत मिळालेला प्रवेश नव्हे. मैदान कोणाच्या ताब्यात आहे, संघ कोण निवडतं, शिबिरात मुलींच्या खोल्यांच्या किल्ल्या कोणाकडे असतात, खेळून झाल्यावर पोट कशावर भरतं, ही सगळी दारंच आहेत. त्यांतलं एकच उघडून बाकीची लावून घेतली, तर हाती पदक येतं आणि समजूत जिथल्या तिथे राहते.

समजूत स्वतःला कशी जपते, हे १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्वच्छ दिसतं. मैदानी स्पर्धांत स्त्रियांना त्या वर्षी प्रथमच घेतलं होतं, तेही पाचच प्रकारांत. त्यांतला सगळ्यात लांब पल्ल्याचा प्रकार होता ८०० मीटरचा. अंतिम शर्यतीत नऊ जणी उतरल्या. जर्मनीच्या लीना राड्केने २ मिनिटं १६.८ सेकंदांचा विश्वविक्रम करून ती जिंकली. जपानची किनुए हितोमी दुसरी आली. ती खरं तर लांब उडी आणि छोट्या अंतरांत तयार झालेली खेळाडू. नऊही जणींनी शर्यत पूर्ण केली. पण वर्तमानपत्रांत छापून आलं ते वेगळंच. अकरा जणी धावल्या, काहींनी मध्येच सोडलं, काही कोसळल्या, आणि बायकांची ही दशा पाहवत नव्हती. दम लागून गवतावर बसलेल्या धावपटूंचा अर्थ असा लावला गेला की हे अंतर स्त्रीदेहाच्या कुवतीबाहेरचं आहे. त्याच मैदानावर दमून आडवे झालेले पुरुष मात्र शेवटच्या थेंबापर्यंत झुंजलेले वीर ठरत होते. मग ८०० मीटर स्त्रियांसाठी बंद झालं, ते थेट १९६० पर्यंत. ज्या शर्यतीत विश्वविक्रम झाला तीच शर्यत अशक्ततेचा दाखला म्हणून वापरली गेली. पुढची बत्तीस वर्षं तो दाखला खोटा ठरवण्याची संधी ऑलिंपिकमध्ये कोणालाच नव्हती, कारण धावायलाच मनाई होती.

या बंदीची झळ आपल्यापर्यंतही पोहोचली. १९५२ साली हेलसिंकीला भारताकडून पहिल्यांदा स्त्रिया ऑलिंपिकमध्ये धावल्या, त्यांत मुंबईच्या वांद्र्याची मेरी डिसूझा होती. ती १०० आणि २०० मीटर धावली. त्याहून लांब धावायचं तिने ठरवलं असतं तरी उपयोग नव्हता. त्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी २०० मीटरच्या पुढे शर्यतच नव्हती. ४०० मीटर आलं १९६४ साली आणि १५०० मीटर १९७२ साली. बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये १९६७ साली कॅथरीन स्वित्झर आद्याक्षरांनी नाव नोंदवून धावली, तेव्हा स्पर्धेचा एक पदाधिकारी रस्त्यावर तिच्या अंगावर धावून आला आणि तिच्या छातीवरचा क्रमांक ओढू लागला. ती सुटली आणि शर्यत पुरी करून थांबली. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन आली १९८४ साली. अमेरिकेच्या जोन बेनॉइटने ती २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत जिंकली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमधल्या पुरुष विजेत्यापेक्षा ती तब्बल दहा मिनिटं आधी पोहोचली असती. बाई दोन फेऱ्यांनीच कोसळते, असं सांगून जी बंदी आणली होती तिचं उत्तर बेचाळीस किलोमीटरनंतर मिळालं.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो. स्त्री-पुरुषांच्या शरीरात फरक आहेच, तो नाकारून कसं चालेल? नाकारायचं कारणच नाही. धावण्याच्या बहुतेक जागतिक विक्रमांत साधारण दहा टक्क्यांचं अंतर आहे आणि ते दिसतं तसंच सांगावं. पण त्या अंतरावरून निष्कर्ष काय काढायचा हा प्रश्न आहे. जळगावचा एखादा मुलगा उसेन बोल्टपेक्षा सावकाश धावतो म्हणून त्याला कोणी शाळेच्या मैदानावरून घरी पाठवत नाही. पुरुषांना खेळण्याचा हक्क ते जगात सर्वांत वेगवान आहेत म्हणून मिळालेला नाही; तो कोणी मागितल्याशिवाय त्यांच्याकडे आहे. मुलीला मात्र आधी लायकी सिद्ध करावी लागते. सरासरी सांगून एकेका मुलीचा निकाल लावणं, हीच तर साचेबंद समजुतीची खरी कार्यपद्धती आहे. खेळ तिच्याविरुद्ध उपयोगी पडतो, कारण खेळात सरासरी धावत नाही, एक ठरावीक मुलगी धावते आणि तिचीच वेळ नोंदली जाते.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. चार-दोन मुली चमकल्या म्हणून घराघरांत काय बदललं? ज्या हरियाणातून देशातल्या नावाजलेल्या महिला कुस्तीगीर आल्या, तिथे २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८३४ मुली होत्या. महाराष्ट्राने नाक वर करायचं कारण नाही. आपल्याकडे हाच आकडा २००१ मध्ये ९१३ होता, तो २०११ मध्ये ८९४ वर आला आणि बीड जिल्ह्यात तर ८०७ वर. घर पोरीच्या पदकाला ओवाळतं आणि शेजारच्या घरात पोरगी जन्मूच दिली जात नाही, हे एकाच गावात घडू शकतं. आक्षेप खरा आहे आणि तो मान्य करावा. मात्र तो लागू पडतो पदकाला. पदकाने होतं असं की एक मुलगी अपवाद ठरते आणि अपवादाचं कौतुक करून नियम सुरक्षित ठेवता येतो. नियम हलतो तो मोठ्या संख्येने साध्यासुध्या मुली खेळायला लागल्यावर, ज्यांतल्या जवळजवळ कोणालाच कधी पदक मिळणार नसतं.

याचा सर्वांत भक्कम पुरावा अमेरिकेतून येतो. तिथे १९७२ साली ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने लिंगावरून भेदभाव करू नये, एवढंच तो सांगतो. त्याच्या मजकुरात खेळाचा उल्लेखही नाही. तरी शाळांना मुलींचे संघ उभे करावे लागले. कायद्याआधीच्या वर्षी शाळांमध्ये खेळणाऱ्या मुली २ लाख ९४ हजार होत्या, त्या २०१८-१९ पर्यंत ३४ लाखांवर गेल्या. अर्थशास्त्रज्ञ बेट्सी स्टीव्हन्सन यांनी या बदलाकडे बारकाईने पाहिलं. खेळणाऱ्या मुली मुळातच हुशार आणि जिद्दी असतात, त्या पुढे गेल्या त्यात खेळाचं श्रेय काय, ही शंका कोणालाही येईल. म्हणून त्यांनी ज्या राज्यांत मुलग्यांचा खेळ आधीच मोठा होता आणि त्यामुळे कायद्याने मुलींसाठी जास्त जागा निर्माण करणं भाग पडलं, अशा राज्यांची इतरांशी तुलना केली. निष्कर्ष निघाला की मुलींचा सहभाग दहा टक्के-अंकांनी वाढला की महाविद्यालयात जाणाऱ्या मुलींचं प्रमाण एका अंकाने आणि नोकरी-व्यवसायात उतरणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण एक ते दोन अंकांनी वाढतं. त्यातही पूर्वी पुरुषांचे समजले जाणारे व्यवसाय स्त्रिया अधिक निवडतात. आकडे लहान वाटतील, पण ते साऱ्या राज्यातल्या मुलींचे आहेत.

आपल्याकडे असा कायदा नाही, पण खो-खो आहे. महाराष्ट्रातल्या शाळांनी मुलींना जर काही दिलं असेल तर हा खेळ. त्याला ना बॅट लागते ना बूट. सपाट जमीन, दोन खांब आणि फक्कीच्या रेघा एवढं असलं की झालं. आठ जणी मध्यपाटीवर एकीआड एक उलटसुलट तोंडं करून बसतात आणि नववी पाठलाग करते. तिने एकदा दिशा घेतली की उलटं फिरता येत नाही, पाटी ओलांडता येत नाही. पळतीवरच्या मुलीला मात्र सगळं मैदान मोकळं. पळणारी हाताला येत नाही असं दिसलं की बसलेलीच्या पाठीवर थाप आणि खणखणीत ‘खो’. शेवटी खांबाजवळ सूर मारायचा, गुडघे सोलवटून घ्यायचे आणि उठून पुन्हा बसायचं. जिला घरी हळू बोल, पाय आवर, पडशील असं दिवसभर ऐकवलं जातं, तिला इथे मोठ्याने ओरडावं लागतं, मैदानभर पळावं लागतं आणि मुद्दाम पडायला शिकावं लागतं. मुलींच्या राष्ट्रीय खो-खो स्पर्धा १९६०-६१ पासून, कोल्हापुरातून सुरू झाल्या. तेव्हा ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी ४०० मीटरची शर्यत अजून आलेली नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तो पुरुषांचा आणि स्त्रियांचा एकदमच. प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखालच्या भारतीय संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं.

माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर आधी खो-खोच खेळायची. पुढे ती लांब पल्ल्याकडे वळली आणि मग ३००० मीटर स्टीपलचेसकडे. साडेसात फेऱ्यांत अठ्ठावीस लाकडी अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून उडी. हे अडथळे धक्का लागला तरी पडत नाहीत, पडतो तो धावणारा. स्त्रियांसाठी हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आला २००८ साली, आणि २०१६ मध्ये रिओला ललिता त्याच्या अंतिम फेरीत धावून दहावी आली. उषानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय स्त्री. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य मिळवलं आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. एक दुष्काळी मुलखातली, दुसरी आदिवासी पाड्यावरची. या दोघींच्या कौतुकात नेहमी गरिबी येते, अनवाणी पाय येतात. त्याऐवजी नोकरीचा उल्लेख व्हायला हवा. ललिताला रेल्वेने घेतलं होतं, पुढे ती राज्याच्या महसूल सेवेत अधिकारी झाली. रेल्वेने कित्येक दशकं महिला खेळाडूंना पगार दिला नसता तर देशाचं महिला ॲथलेटिक्स आणि क्रिकेट उभंच राहिलं नसतं. राज्य सरकारी नोकऱ्यांतलं खेळाडूंसाठीचं पाच टक्के समांतर आरक्षणही याच कामाचं. घरातला हिशेब त्यामुळे बदलतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. अशा राज्यात ‘अजून दोन वर्षं खेळू द्या, नोकरी लागेल’ हे वाक्य बापासमोर ठेवता येणं ही फार मोठी गोष्ट आहे. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० साली खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा ती तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होती. ज्या तालुक्यात क्रीडा अधिकाऱ्याच्या खुर्चीत बाई बसलेली असते, तिथल्या आईला पोरीच्या सरावाबद्दल विचारायला जाणं सोपं होतं.

खुर्चीचा मुद्दा म्हणूनच महत्त्वाचा, आणि पालकांची सर्वांत खरी भीती तिथेच येऊन थांबते. मुलीला शिबिराला पाठवायचं, परगावी पाठवायचं, तर तिच्या सुरक्षिततेचं काय? जानेवारी २०२३ मध्ये विनेश फोगट, साक्षी मलिक आणि इतर कुस्तीगीर दिल्लीच्या जंतरमंतरवर बसले, तेव्हा ही भीती साऱ्या देशाने पाहिली. कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप होते आणि त्यांनी ते नाकारले होते. गुन्हा नोंदवला गेला तो प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर, एप्रिलच्या अखेरीस. २८ मे रोजी पोलिसांनी खेळाडूंना रस्त्यावरून ओढून नेलं. साक्षीच्या गळ्यात रिओचं ऑलिंपिक पदक पडलेलं होतं, तरी स्वतःचं गाऱ्हाणं ऐकवायला तिला फुटपाथवर बसावं लागलं. मग सामान्य मुलीने काय करायचं? तिला घरी बसवायचं, हे उत्तर अनेक घरांत दिलं गेलं असणार. पण घरी बसवलेली मुलगी सुरक्षित असते, हे तरी कुठे खरं आहे? निवड, निवास, प्रवास आणि तक्रार या चारही गोष्टी एकाच माणसाच्या मुठीत असल्या की छळाला वाट मिळते. ती मूठ उघडणं हाच उपाय. त्यासाठी कायदाही आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात क्रीडा संस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल, स्पर्धेची जागा यांचा स्पष्ट समावेश केलेला आहे. आपल्या मुलीच्या क्लबमध्ये, जिल्हा संघटनेत तक्रार समिती आहे का, तिच्यावर कोण आहेत, हे पालकांनी फी भरताना विचारावं. तो त्यांचा हक्क आहे.

खुर्चीत बाई बसली की प्रश्न सुटला, असंही समजू नये. डिसेंबर २०२२ मध्ये पी. टी. उषा भारतीय ऑलिंपिक संघटनेची पहिली महिला अध्यक्ष झाली. चारच महिन्यांनी आंदोलन करणाऱ्या कुस्तीगिरांबद्दल बोलताना तिने हे बेशिस्तीचं वागणं आहे, यामुळे देशाची प्रतिमा डागाळते, असं मत मांडलं. पुढे ती त्यांना भेटायला गेली, पण आधीचे शब्द लागायचे तिथे लागले होते. एकटी बाई संस्थेत शिरते तेव्हा बहुधा संस्थाच तिच्यात शिरते. संख्या हवी, आणि तीही आपोआप येत नाही. टायटल नाइनच्या आधी अमेरिकेत महाविद्यालयीन मुलींच्या संघांना नव्वद टक्क्यांहून अधिक ठिकाणी स्त्री प्रशिक्षक होत्या. कायद्यामुळे त्या पदांना पगार आणि प्रतिष्ठा आली, तसे पुरुष अर्ज करू लागले आणि स्त्रियांचं प्रमाण निम्म्याच्याही खाली गेलं. खेळाडू मुली कितीतरी पटींनी वाढत असताना त्यांना शिकवणाऱ्या स्त्रियांचा वाटा मात्र घटत गेला.

काही स्त्रीवादी अभ्यासकांचा आक्षेप वेगळ्या बाजूने येतो. खेळ स्वतःच पुरुषी साच्यातून घडलेला आहे, तो स्त्रीला कसला मुक्त करणार? यात तथ्य आहे. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत तमिळनाडूच्या शांती सौंदरराजनने ८०० मीटरमध्ये रौप्य जिंकलं आणि लिंगचाचणीनंतर ते काढून घेण्यात आलं. खासगीत, जपून हाताळायची गोष्ट टीव्हीवरून जगजाहीर झाली. धावपटू द्युती चंद अशाच लिंगनिकषांच्या नियमांविरुद्ध लढली आणि २०१५ मध्ये क्रीडा लवादाने ते स्थगित केले. आता जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने जनुकचाचणी पुन्हा आणली आहे. २०२१ मध्ये नॉर्वेच्या बीच हँडबॉल संघाने बिकिनीऐवजी आखूड चड्ड्या घातल्या म्हणून त्यांना दंड झाला. बाई म्हणजे काय आणि ती कशी दिसावी, हे ठरवण्याचा हट्ट खेळाने सोडलेला नाही. पण ही भांडणं उघड्यावर आली ती शांती धावली, द्युती लवादाकडे गेली, नॉर्वेच्या मुली आपल्या कपड्यांत मैदानात उतरल्या म्हणून. खेळाबाहेर राहून ती कोणी भांडलं नसतं.

उरला पैशाचा आक्षेप. बायकांचे सामने बघतं कोण? डिसेंबर १९२० मध्ये लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या कारखान्यातल्या मुलींच्या फुटबॉल संघाचा सामना ५३ हजार लोकांनी पाहिला. वर्ष उलटायच्या आत इंग्लिश फुटबॉल संघटनेने आपल्या मैदानांवर स्त्रियांना बंदी घातली आणि ती पन्नास वर्षं टिकली. प्रेक्षक होते, मैदान काढून घेतलं गेलं. आपल्याकडे महिला क्रिकेटची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७३ साली पुण्यात अवघ्या तीन संघांत झाली. क्रिकेट मंडळाने महिला क्रिकेटला आपल्यात घ्यायला २००६ उजाडलं. सामन्याचं मानधन पुरुषांइतकं झालं ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि २०२३ मध्ये महिलांच्या लीगचे पाच संघ ४,६६९.९९ कोटींना विकले गेले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारताने विश्वचषक जिंकला, तेव्हा स्टेडियम खचाखच भरलेलं होतं आणि संघाची उपकर्णधार होती सांगलीची स्मृती मानधना. कबड्डीचं मात्र उलट झालं. पुरुषांची लीग २०१४ पासून चालू आहे. २०१६ मध्ये तिच्या जोडीने महिलांच्या तीन संघांचे काही सामने खेळवले गेले आणि पुढे ते बंद पडले. ज्या खेळात महाराष्ट्राच्या मुली गल्लोगल्ली तयार होतात, त्याचं दार टीव्हीसमोर किलकिलं करून पुन्हा लावून घेतलं गेलं, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोललंही नाही.

२०२८ साली लॉस एंजेलिसला स्त्रियांचं क्रिकेट ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा येतं आहे. आपला संघ तिथे काय करेल याची चर्चा तोपर्यंत रंगेल आणि ती रंगावीच. पण तालुक्याच्या गावात संध्याकाळी पाचनंतर मैदान कोणाकडे असतं, हेही त्या चर्चेत यावं. सहसा ते मुलग्यांच्या टेनिस बॉल क्रिकेटकडे असतं आणि मुली कडेने घरी जात असतात. मैदानाचे दोन तास मुलींसाठी राखून ठेवणं ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या एका ठरावाने होतं. दिवा, पाण्याचा नळ, कडी लागेल असं स्वच्छतागृह आणि शिकवायला एखादी माजी खेळाडू, एवढ्याला कोट्यवधी लागत नाहीत. अशा माजी खेळाडू जवळपास प्रत्येक तालुक्यात आहेत. विसाव्या वर्षी खो-खो सुटलेल्या या बायका कुणाच्या सुना म्हणून त्याच गावांत राहतात. त्यांना बोलवावं आणि मानधन द्यावं.